साडेतीनचा भोंगा आणि तिसरी ओळ

दापोडी,
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय मन्सूर,

काल दुपारी पडल्या पडल्या कानात भोंगा वाजला. आपल्या शाळेमागच्या कंपनीचा, साडेतीनचा. आधी घसा खाकरल्यासारखी घरघर, मग पोटातून वर चढत जाणारा सूर आणि शेवटी गाईच्या हंबरण्यासारखी लांबलेली शेपटी. ताडकन उठून बसलो. बाहेर शुकशुकाट. कंपनी बंद पडून बारा वर्षं झाली, भोंगा कुठला वाजणार! पण त्या सुरामागून निरंजन गुरुजींचा आवाज आला, आणि गुरुजींमागून त्यांची कविता. कुठल्या पुस्तकात नाही ती. त्यांनी आपल्या वर्गासाठी रचली, आणि पुढे त्याच शाळेत मास्तर झाल्यावर मी पस्तीस वर्षं पोरांकडून म्हणून घेतली:

पवनेकाठी पहाट होते,
घण उठतो अन् ऐरण गाते;
जो तापे तो वळतो हाती,
थंड लोह ते मोडुन जाते.

तू त्या परग्रहावरच्यांना ‘पाहुणे’ म्हणतोस, ते मला सहन होत नाही. पाहुणा दारात चपला काढतो. हे उतरले ते थेट चाकणच्या यार्डात आणि सहाशे नव्या कोऱ्या गाड्या खाऊन बसले. लोखंड खातात, माणसं उचलतात, उचललेल्या माणसाचा चेहरा घालून आपल्यात फिरतात. हवेतली प्रत्येक लहर ऐकतात म्हणून आपण फोन बंद केले, आणि अडुसष्टाव्या वर्षी तुला पत्रं लिहायची पाळी आली. तेवढी एकच गोष्ट त्यांनी चांगली केली.

तुझ्या तुकडीतल्या बातम्या त्यांना कळतात म्हणतोस. नव्या भरतीत फितूर असेल, तर त्याला ओळखायचा माझ्याकडे उपाय आहे. दोघंही नवे आपल्या शाळेचेच ना? चेहरा चोरता येतो रे, पण चौथीतली कविता कशी चोरतील? माझ्यासमोर उभे कर. जो म्हणेल तो आपला.

पत्र अजिंक्यच्या हाती देतो आहे. पाकीट भाताच्या खळीनं चिकटवलंय.

तुझा,
नवनाथ


महाळुंगे,
६ नोव्हेंबर

नवनाथ, सलाम.

तुझं पत्र मिळालं. अर्धं भोंग्यातच गेलं. माझ्या गॅरेजात इकडे माणसं पत्र्यावर झोपतात आणि तुला कविता सुचतात. पण खरं सांगू का, मलाही दुसरं काही सुचत नाही.

टीव्हीवाले आम्हाला सुपरहिरो म्हणतात. काय डोंबलाचे सुपरहिरो! त्यांची ती तबकडी, आम्ही तिला परातच म्हणतो, यार्डात उतरली तेव्हा जे तिच्या वाऱ्यात सापडले, त्यातल्या चार जणांत काहीबाही आलं, बस. बीडचा भैरू अख्खा ट्रेलर उचलतो. कालच म्हणत होता, “मन्सूरभाई, हे सुपरहिरोचं काम हाय का हमालीचं? सेफ्टी शूज तरी द्या की राव.” कौशल्याबाईंना अनवाणी तळव्यांतून दोन कोसांवरची हालचाल कळते. आणि मी? मी नुसता शिव्या घालतो, म्हणून मला पुढारी केलाय.

काम एकच आहे. परातीचं पोट भरलं की ती वर जाऊन बाकीच्यांना बोलावणार. म्हणून पत्र्याच्या कॉइल तिच्या आधी उचलायच्या, लपवायच्या. पण महिन्यात तीन जागा फुटल्या. कॉइल ठेवतो न ठेवतो तोच ते हजर. त्यांचे कान एवढे तिखट की ट्रकचा प्रेशर हॉर्न वाजवला तर गुडघे टेकतात. पण आमच्या जागा कानांनी नाही कळल्या. कुणीतरी सांगितल्यात.

या महिन्यात नवे दोनच. त्यांच्यापुढे हॉर्न वाजवून पाहिला, दोघंही उभेच राहिले. एक तुझं पत्र आणणारा अजिंक्य. तिशीचा, लाइनवर सुपरवायझर होता. महाळुंगे ते दापोडी वीस मिनिटांत पळतो आणि धापसुद्धा लागत नाही. दुसरी कोण ते तुला माहीत आहे. माझी जिकरा. मदिनाची पोरगी, तुझ्या शेवटच्या वर्गातली. परात बघायला गेली ती दोन दिवस बेपत्ता. परत आली तेव्हा तळहात भाजलेले. आता तिच्या हातात लोखंड कणकेसारखं मळतं, मध्ये फळी असली तरी. आणि त्यांच्याही हातात तसंच मळतं, नवनाथ. पोरं कुजबुजतात. जेवताना तिच्या शेजारी कुणी बसत नाही.

ती माझी नात. मी न्याय करायला बसलो तर थुंकतील माझ्यावर. म्हणून रविवारी दोघांना तुझ्याकडे धाडतोय, सोबत कौशल्याबाई. तू घे तुझी कविता. मी मध्ये पडणार नाही. नियम मीच केलाय: फितूर ठरेल त्याला नाक्यावरच्या अडसराबाहेर काढायचं, त्यांच्या बाजूला. तिथून आजवर कुणी परत आलेलं नाही.

नीट बघ. एवढंच मागतो.

मन्सूर


दापोडी,
९ नोव्हेंबर

प्रिय मन्सूर,

हे पत्र संतापानं लिहितोय.

दोघं सकाळी आले. कौशल्याबाई उंबऱ्यातच बसल्या, आत या म्हटलं तरी येईनात. आधी अजिंक्यला उभं केलं. तुला माहीत आहे, कविता मी डोळे मिटूनच ऐकतो. वर्गातही फळ्याला पाठ टेकून, डोळे मिटून म्हणायचो. त्यानं सुरुवात केली आणि मला गुरुजी दिसले, खिडकीतलं ऊन दिसलं, शाईचा वास आला. चारही ओळी! कुठं अडला नाही, थांबला नाही. तिसरी तर अशी खणखणीत म्हटली की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. उठून पाठ थोपटली त्याची.

मग जिकरा. “पवनेकाठी” झालं, “घण उठतो” झालं, आणि गप्प. मी डोळे मिटून वाट पाहतोय. एक क्षण, दोन, चार. शब्द नाही. मन्सूर, मी त्या पोरीला वर्षभर रोज शिकवली होती ही कविता! जिला ती येते ती जिकरा, आणि जिला येत नाही ती जिकराचा चेहरा. मी म्हटलं, “पुरे.”

ती म्हणाली, “मास्तर, पूर्ण तर होऊ द्या.”

मी हात वर केला. “जिच्या तोंडून बोलतेस ती अशी कधी अडखळली नसती. बाहेर हो.”

माझ्या लाडक्या विद्यार्थिनीचं तोंड घालून माझ्याच घरात उभं राहायचं! माझ्याच गुरूची कविता माझ्यासमोर अर्धी टाकायची! एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता. निकाल माझा आहे, सही करून देतो: ती आपली नाही. खरी जिकरा त्यांनी केव्हाच नेली. तुझं दुःख मी जाणतो.

नवनाथ


महाळुंगे,
११ नोव्हेंबर

नवनाथ,

सकाळी दहाला अडसर मीच उचलला. दुसऱ्या कुणाचा हात होईना.

ती रडली नाही. डबा दिला, तो परत केला. जाताना म्हणाली, “नाना, मास्तरांना एकच सांगा. डोळे उघडा म्हणावं.”

मुद्दाम कळवतोय. त्यांच्यातली असेल तरी जिभेला धार होती पोरीच्या.

मदिना माझ्याशी बोलत नाही. शुक्रवारी दुपारी आळंदी फाट्याच्या गोदामातल्या कॉइल हलवतोय, भैरूला घेऊन. फितूर गेला, आता तरी सुखानं काम होईल.

मन्सूर


महाळुंगे,
१८ नोव्हेंबर

नवनाथ,

हे पत्र अजिंक्य आणणार नाही. कौशल्याबाई भाकरीच्या टोपलीत आणतील. त्यांच्यासमोर वाच, आणि वाचून झालं की चुलीत घाल.

शुक्रवारी गोदामात ते आमच्या आधी येऊन बसले होते. शटर वर केलं तर आत चाळीस जण, सगळ्यांना आमचेच चेहरे. एकाला माझा होता. भैरूनं दोन्ही हातांनी शटर धरून ठेवलं, “पळा रं समदे!” म्हणत, तोवर आम्ही निसटलो. त्याला नेला. सेफ्टी शूज मी आदल्या दिवशीच आणून ठेवले होते, नवे. खोक्यात तसेच आहेत.

म्हणजे फितूर आत होता आणि माझी पोर बाहेर. मी वेड्यासारखा कौशल्याबाईंच्या पुढ्यात जाऊन बसलो, म्हटलं, त्या दिवशी मास्तराच्या घरात काय झालं ते सगळं सांगा, चमचा पडला असेल तर तोही सांगा. तेव्हा त्या म्हणाल्या, “पोरीनं दोन वळी म्हटल्या, आन् दोनी हात कानांवर ठिवले. डोळं मिटून. कायतरी मोजल्यावानी. म्या म्हटलं आसल त्यांची रीत. मास्तर तर डोळं झाकूनच बसल्यालं, त्यांनी बघितलंच न्हाई.”

दोन्ही हात कानांवर, नवनाथ!

अरे गाढवा, अरे पंतोजी! दुसऱ्या ओळीनंतर साडेतीनचा भोंगा व्हायचा. रोज. गुरुजींच्या वेळी, तुझ्याही वेळी. अख्खा वर्ग थांबायचा, कानांवर हात ठेवायचा, भोंगा संपला की चौथी ओळ उचलायचा. तिसरी ओळ शाळेतल्या एका पोरानं कधी ऐकली नाही! मी पहिल्यांदा वाचली ती तुझ्या तीन तारखेच्या पत्रात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी! तेव्हाच ट्यूब पेटायला हवी होती, पण मला वाटलं, तू पहिल्या बाकावर होतास, गुरुजींच्या ओठांपाशी, तुला ऐकू येत असेल. आणि मास्तर झाल्यावर तर काय! डोळे मिटून स्वतःच्या सुरात डुलायचास, भोंग्यातही म्हणत राहायचास. समोर साठ पोरं कानांवर हात ठेवून उभी आहेत हे तुला पस्तीस वर्षांत दिसलं नाही!

कंपनी बंद पडली तरी पोरांनी ती रीत सोडली नाही. भोंगा नाही, तरी थांबायचं. मोठ्यांनी धाकट्यांना शिकवली. मदिनानं जिकराला शिकवली. तुझ्या समोर, तुझ्या वर्गात.

मग अजिंक्यनं तिसरी ओळ कुठं ऐकली? कुठंच नाही. वाचली. तूच लिहून त्याच्या हाती दिलीस. वाफेवर धरलं की भाताची खळ सुटते, हे माझ्या गॅरेजातलं पोरगंही सांगेल. खरा अजिंक्य कुठं पडला असेल देव जाणे. आणि लोखंड वळवणारी एकच पोरगी त्यांना आपल्याकडे नको होती, ती आपण दोघा म्हाताऱ्यांनी स्वतःच्या हातानं त्यांना देऊन टाकली. निकाल तू दिलास, अडसर मी उचलला.

माफी मागू नकोस. माफीचं पत्र आलं तर न वाचता जाळीन. त्यापेक्षा काम कर. अजिंक्य परवा तुझ्याकडे येईल. त्याच्या हाती मला खोटं पत्र लिही: उरलेल्या सगळ्या कॉइल रविवारी दुपारी साडेतीनला दापोडीच्या बंद कंपनीच्या शेडमध्ये जमा होणार आहेत. ते सगळे तिकडे धावतील. माझ्या गॅरेजातला अनिस उद्यापासून गुपचूप त्या छपरावर आहे, ट्रकचा कंप्रेसर घेऊन, जुना भोंगा साफ करतोय. हॉर्ननं गुडघे टेकतात ना, बघू भोंग्यानं काय करतात. इकडे परात रिकामी सापडली की मी वीस वेल्डर घेऊन गॅस कटर लावतो तिला.

आणि त्या पत्रात कविता लिही, पोरं म्हणायची तशी. म्हणजे मला कळेल, या वेळी तू डोळे उघडे ठेवून लिहिलंयस.

मन्सूर


दापोडी,
२० नोव्हेंबर

प्रिय मन्सूर,

अजिंक्य समोर बसून चहा घेतोय, म्हणून घाईनं लिहितो. गुणी माणूस. धावत आला तरी कपाळाला घाम नाही.

भैरूचं ऐकून वाईट वाटलं. पण खचू नकोस. तू ठरवलंस तेच योग्य: उरलेल्या कॉइल, झाडून सगळ्या, रविवारी दुपारी साडेतीनला आमच्या बंद कंपनीच्या शेडमध्ये आण. एवढं लोखंड एका जागी पुन्हा जमणार नाही. गेट मी उघडून ठेवतो. पहाऱ्याला कुणी नको, उगाच बोभाटा होतो.

जिकराच्या बाबतीत मी जे केलं त्याचा मला मुळीच पश्चात्ताप नाही. रात्री झोप उत्तम लागते. तिचं नाव घरात निघत नाही. तिची चौथीतली वही परवा कपाटात सापडली, ती रद्दीत टाकणार आहे. हे तुला स्पष्ट कळावं म्हणून लिहितो.

गुरुजींची कविता पुन्हा घोळतेय मनात:

पवनेकाठी पहाट होते,
घण उठतो अन् ऐरण गाते;

थंड लोह ते मोडुन जाते.

मधली एक ओळ विसरलो बघ. वय झालं. आठवली की कळवीन.

तुझा,
नवनाथ


दापोडी,
२३ नोव्हेंबर, संध्याकाळचे पाच

मन्सूर,

हे पत्र कोण नेईल ठाऊक नाही. तरी लिहितो, कारण गप्प बसलो तर छाती फुटेल.

भोंगा वाजला. बरोबर साडेतीनला. आधी तीच घरघर. मी गॅलरीत उभा होतो. गल्लीतून ते चालले होते, शे-दीडशे तरी, वाण्याचा चेहरा, रिक्षावाल्याचा चेहरा, ज्यांना महिनाभर आपण नमस्कार करत होतो ते सगळे, शेडकडे तोंड करून, लोखंडाच्या भुकेनं. आणि सूर चढला. मन्सूर, बारा वर्षांनी! गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत आपली माणसं होती, आणि प्रत्येकाचे हात आपोआप कानांवर गेले. पन्नाशीच्या बायका, पोटं सुटलेले बाप्ये, शेजारची पिंकी कडेवरच्या पोराचेही कान झाकून. मी पहिल्यांदा बघितलं ते. पस्तीस वर्षं जे माझ्यासमोर होत होतं, ते काल-परवा जन्मल्यासारखं डोळे फाडून बघितलं.

ज्यांचे हात खाली होते, ते कोसळले. चेहरे ओल्या भिंतीवरच्या चुन्यासारखे गळले. त्या चेहऱ्यांखाली काय होतं ते लिहीत नाही.

अजिंक्य मात्र पडला नाही, तुझ्या हॉर्नपुढे टिकला होता तसाच. वाण्याच्या दुकानापाशी हात खाली सोडून उभा होता, थरथरत, आणि वर माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं कळलं होतं. मग पळाला. वीस मिनिटांत महाळुंग्याला पोचणारा प्राणी तो, लांब गेला नसेल. माझं घर त्याला पाठ आहे. येईल.

येऊ दे. मी अनिसला सांगितलं, तू जा, मन्सूरला गाठ. दाराला लोखंडी कडी घातली आहे. त्यांच्या हातात ती कणीकच आहे, मला माहीत आहे. हातोडी घेऊन बसलोय. अडुसष्ट वर्षं मला कवितेतल्या रागावर माया होती, खऱ्या रागाची ओळख नव्हती. आता आहे. तो आला की त्याच्या डोक्यात एक घाव घालीन, मग त्यानं माझं काय करायचं ते करावं. माझा राग त्याच्यावर थोडा आहे. जास्त त्या माणसावर आहे, जो एका एकोणीस वर्षांच्या पोरीसमोर डोळे मिटून बसला, आणि ‘पूर्ण होऊ द्या’ म्हटल्यावर हात वर केला.

तू म्हणालास माफी मागू नकोस. मागत नाही. तिची वही रद्दीत टाकलेली नाही, हे मात्र तुला सांगायला हवं. कवितेच्या पानावर तिनं तिसऱ्या ओळीच्या जागी एक भोंगा काढलाय, तोंडातून रेघा निघणारा. त्यावर माझी लाल शाईतली खूण आहे: ‘ओळ राहिली. लक्ष दे.’ मी तिला, मन्सूर. मी तिला लिहिलं होतं, लक्ष दे.

चाकणच्या बाजूला धूर दिसतोय. तुझ्या कटरचा असू दे.

जिन्यावर पावलं वाजताहेत.

दार ठोठावलं नाही. कुणीतरी बाहेर उभं आहे. कडी हलते आहे. मेणासारखी वाकून खाचेतून सरकते आहे, कुणी आतून हात न लावता. आलाच तो. हातोडी डाव्या हातात घेतली आहे, उजव्यानं लिहितो आहे, तुला शेवटपर्यंत कळावं म्हणून.

आवाज आला.

“मास्तर, आता तरी डोळे उघडे आहेत ना?”

मन्सूर, आवाज तिचा आहे. पण आवाज त्यांनाही चोरता येतो. मी लिहीतच राहिलो.

“भैरूमामा खाली पायरीवर बसलाय, त्याला पाणी लागेल. आम्हाला परातीतच कोंडलं होतं; ते सगळे इकडे धावल्यावर तिचं बूड मी आतून फाडलं, मग नानांनी बाहेरून कटर लावले. आणि तुमचा तो पळणारा आम्हाला जिन्याखालीच भेटला, भैरूमामा त्याच्यावरच बसलाय. दार उघडता की मी उघडू? ऐकताय का? बरं, घ्या तुमची परीक्षा. शेवटचीच देतेय तुम्हाला.” रागानं थरथरतोय आवाज. “पवनेकाठी पहाट होते. घण उठतो अन् ऐरण गाते.”

आणि गप्प.

मी डोळे मिटलेले नाहीत. दाराकडे बघतो आहे. दारापलीकडचं दिसत नाही, पण कडी दिसते आहे. ती अर्ध्यात थांबली आहे. एकदम थांबली, जणू तिला वळवणारे दोन्ही हात आत्ता दुसरीकडे गेलेत.

राहिलेली कडी मी काढतो.